वैमानिकाची सेवापुस्तिका

सरकारी कचेरीतील कारकुनाची बदली रत्नागिरीहून नागपुरास झाली, तर त्याच्या पाठोपाठ त्याची सेवापुस्तिकाही जाते. शिक्षकाचा गोपनीय अहवाल तर त्याच्या आधीच पोचतो, असे गमतीने म्हणतात. परंतु शे-दीडशे प्रवाशांचे प्राण ज्याच्या हाती असतात, त्या वैमानिकाच्या पूर्वीच्या कामगिरीची नोंद नव्या कंपनीकडे गेलीच पाहिजे, असा कायदा अमेरिकेसारख्या विमानप्रधान देशातही १९९६ पर्यंत नव्हता.

तो झाला एका अपघातामुळे. १३ डिसेंबर १९९४ रोजी उत्तर कॅरोलायना राज्यात अमेरिकन ईगलचे छोटे विमान कोसळून २० पैकी १५ जण मृत्युमुखी पडले. इंजिन बंद पडले नसताना ते बंद पडले, अशी कप्तानाची समजूत झाली होती. हाच कप्तान आधीच्या कंपनीतून कामगिरी असमाधानकारक ठरल्यामुळे राजीनामा देऊन बाहेर पडला होता. नव्या कंपनीला त्याचा पत्ता नव्हता. चौकशी झाली तरी जुन्या कंपन्या नोकरीच्या तारखांपलीकडे सहसा काही कळवीत नसत. बदनामीच्या दाव्याची धास्ती प्रत्येकीला असे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे दुखणे परिचित आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालातील खोट विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर चांगल्या मालालाही योग्य किंमत मिळत नाही. श्रमाच्या बाजारात याचा अर्थ असा की, लपविणाऱ्याचा संशय निष्कलंक उमेदवारालाही भोगावा लागतो.

१९९६ च्या कायद्याने मागील पाच वर्षांतील मालकांकडून नोंदी मागविणे बंधनकारक केले. तथापि फट राहिलीच. सरकारी परीक्षकापुढील परवान्याच्या चाचणीत आलेले अपयश या नोंदींतून आपोआप कळत नसे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान पडून ५० जण दगावले. त्या कप्तानाने अर्जात एक नापास चाचणी सांगितली होती, दोन सांगितल्या नव्हत्या. त्यानंतर २०१० साली संसदेने सर्व नोंदींचे एकत्र भांडार करण्याचा आदेश दिला. सरकारी कारभाराची गती तिकडेही सरकारीच! २०१९ साली टेक्सासमध्ये अ‍ॅटलस एअरचे मालवाहू विमान कोसळून तिघे ठार झाले. सहवैमानिकाने प्रशिक्षणातील अपयशे आणि काही जुन्या नोकऱ्या दडविल्या होत्या. चौकशी मंडळाने भांडाराच्या विलंबावरही बोट ठेवले. अंतिम नियम निघाले ते २०२१ मध्ये.

मग प्रत्येक चूक टिपून ठेवली की प्रश्न सुटला काय? मुळीच नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टी.डब्ल्यू.ए.चे विमान डोंगरावर आदळून ९२ जण ठार झाले. सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच संदिग्ध सूचनेमुळे त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, इतरांपर्यंत ती वार्ता पोचली नाही. यातूनच १९७६ साली ‘नासा’कडे गोपनीय निवेदनाची व्यवस्था सोपविण्यात आली. हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांत कळविणाऱ्यास सामान्यतः दंडातून सूट मिळते. बोललेल्या चुकीची शिक्षा नोकरी गमावणे अशी असेल, तर कोण बोलेल?

म्हणूनच प्रमाद आणि अप्रामाणिकपणा यांत भेद करावयास हवा. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एका विमानाचे पुढचे चाक आधी टेकले. त्या चुकीच्या चौकशीतून वैमानिकेची परीक्षेची गुणपत्रिकाच बनावट असल्याचे उघड झाले आणि पुढे अशी आणखी प्रकरणे बाहेर आली. चाक आधी टेकले याला प्रशिक्षणाचा उपाय आहे. बनावट गुणपत्रिकेला नाही.

व्यवहारात मात्र हा भेद पुष्कळदा बाजारच ठरवितो. वैमानिकांची रीघ लागलेली असते तेव्हा किरकोळ शेराही अर्ज बाजूला टाकण्यास पुरतो. टंचाई आली की तोच शेरा ‘अनुभव’ ठरतो. २०२० च्या महासाथीत विमाने जमिनीवर बसली होती; दोनच वर्षांत अमेरिकेतील प्रादेशिक कंपन्या भरघोस बोनस देऊन वैमानिक शोधू लागल्या. उमेदवाराचे कौशल्य दोन वर्षांत बदलले नव्हते, बदलला होता तो भाव.

नव्या भांडारातील नोंद आजीवन राहते. बाविसाव्या वर्षी नापास झालेली चाचणी पंचेचाळिसाव्या वर्षीही मालकाच्या पडद्यावर दिसेल. चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याची सोय वैमानिकाला आहे. खरी परंतु जुनी नोंद मागे टाकण्याची नाही. नोंद ठेवणे सरकारने सक्तीचे केले आहे, तर तिला किती वजन द्यावयाचे याचे निकष लेखी जाहीर करणेही कंपन्यांना सक्तीचे करावयास हवे.