बेट आणि बेत

आम्ही विरारकर. पाहुणे आले की त्यांना अर्नाळ्याचा किल्ला दाखवणे ओघानेच येते. होडीतून उतरावे, दरवाज्यावरचा बाजीराव पेशव्यांच्या नावाचा शिलालेख वाचावा. पाहुणे तोफा शोधतात. मला मात्र दरवेळी एकच कोडे पडते, हा बेत फुटला कसा नाही?

साष्टी तेव्हा खाडीने वेढलेले बेट. अर्नाळा तर भर समुद्रात. मुलूख फिरंग्यांचा, चौक्या त्यांच्या. अशा ठिकाणी अंजूरच्या गंगाजी नाईकांनी नि त्यांच्या भावांनी पुण्याशी संधान बांधले, तेही वर्षानुवर्षे! खाडी कुठे नि कोणत्या ओहोटीला उतरता येते, हे पुण्याच्या सरदारांना काय ठाऊक? ते गावकऱ्यांनाच विचारायचे. आणि विचारले म्हणजे बेत सांगितलाच की! बाजारात एकाने बढाई मारली असती तरी ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला सावध झाला असता. तो झाला नाही. १७३७ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत ठाणे पडले, त्याच साली अर्नाळाही आला.

गुपित फुटले ते फिरंग्यांचे. १७३८ साली पेद्रो द मेलो आरमार घेऊन ठाणे परत घ्यायला निघाला, तर मुंबईच्या इंग्रजांनी मराठ्यांना आधीच वर्दी दिली, वर दारूगोळाही पुरवला. शेजारी असावा तर असा! मेलो त्या झुंजीत तोफेच्या गोळ्याने ठार झाला. मे १७३९ मध्ये वसई पडली.

साष्टी मराठ्यांकडे ३७ वर्षे राहिली. १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेतला, तो याच मुंबईच्या इंग्रजांनी.