प्रश्नपत्रिकेतले नाटक

एखाद्या ज्ञानशाखेचा खरा सिद्धान्त तिच्या संदर्भग्रंथांत सापडतोच असे नाही. तो तिच्या प्रश्नपत्रिकेत सापडतो. आपल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांतून नाटक हा वाङ्मयप्रकार कित्येक पिढ्या शिकवला जात आहे, आणि त्यावरील प्रश्नांचा साचा शिकणाऱ्याला व शिकवणाऱ्याला सारखाच पाठ आहे. अमुक व्यक्तिरेखेचे स्वभावचित्र रेखाटा. संघर्षाचे स्वरूप स्पष्ट करा. संवादांची वैशिष्ट्ये सांगा. शीर्षकाची समर्पकता तपासा. या प्रश्नांत 'नाटक' या शब्दाच्या जागी 'कादंबरी' हा शब्द घातला तर उत्तरात काय बदलावे लागेल? जवळजवळ काहीच नाही. म्हणजे आपण नाटक शिकवत नाही. संवादरूपात लिहिलेली कादंबरी शिकवतो, आणि तिला नाटक म्हणतो.

हा साचा 'वाङ्मयनिष्ठ' असल्याचा बचाव नेहमी केला जातो. परंतु तो वाङ्मयाच्या स्वरूपातून निघालेला नसून समीक्षेच्या एका विशिष्ट कालखंडातून आलेला आहे. शेक्सपिअरच्या शोकात्मिकांवरील ए. सी. ब्रॅडली यांची व्याख्याने १९०४ साली ग्रंथरूपाने आली. नाटकातील पात्रे जणू नाटकाबाहेरही जगत असावीत, अशा रीतीने त्यांच्या मनोव्यापारांचा शोध घेण्याची पद्धत त्यांनी प्रतिष्ठित केली. तिच्यावर एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली, लेडी मॅक्बेथला मुले किती होती, असा उपरोधिक प्रश्न शीर्षकातच विचारून हल्ला चढवला. त्यालाही आता नव्वद वर्षे उलटून गेली. आपल्या प्रश्नपत्रिकेला मात्र या वादाची वार्ता अद्याप पोचलेली नाही.

याहून गंभीर आहे ती आपल्याच परंपरेची काटछाट. काव्यशास्त्राच्या वर्गात भरताचे रससूत्र शिकवले जाते. म्हणजे 'नाट्यशास्त्रा'चा सहावा अध्याय शिकवला जातो. नाट्यगृहाच्या रचनेचा दुसरा अध्याय, आंगिक अभिनयाचे तपशीलवार अध्याय हे 'आपल्या कक्षेबाहेरचे' ठरतात. परिणाम असा की भट्ट लोल्लट आणि शंकुक यांचा वाद विद्यार्थी काव्यानंदाचा वाद म्हणून पाठ करतो. वस्तुतः शंकुकाचा चित्रतुरगन्याय रंगमंचावरील नटाविषयी आहे. समोर उभा असलेला नट हा राम आहे, राम नाही, राम असावा किंवा रामासारखा आहे, यांपैकी कोणत्याच प्रतीतीत न बसणारी जी प्रेक्षकाची प्रतीती, तिचा तो विचार आहे. नट वगळला की या सिद्धान्तात उरते काय? ॲरिस्टॉटलच्या बाबतीतही हेच घडते. दृश्याला गौण ठरवणारे आणि प्रयोगावाचूनही शोकात्मिकेचा परिणाम होतो असे सांगणारे 'काव्यशास्त्रा'चे सहावे प्रकरण आपण उत्साहाने उद्धृत करतो. कवीने लिहिताना प्रसंग डोळ्यांपुढे आणावा, शक्यतो हावभावांसह तो घडवावा, असे सतराव्या प्रकरणात तोच ॲरिस्टॉटल सांगतो. त्याला आपल्या वर्गात प्रवेश नाही.

प्रयोगाला अर्थनिर्णयातून वगळल्याने काय गमावले जाते, याचे उदाहरण म्हणून कृ. प्र. खाडिलकर यांचे 'कीचकवध' घ्यावे. नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. १९१० मध्ये सरकारने त्याच्या प्रयोगांवर बंदी घातली. कथानक महाभारताच्या विराटपर्वातले. संहितेत लॉर्ड कर्झनचे नाव कोठेही नाही. तरीही प्रेक्षागृहात कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे पीडित देश, युधिष्ठिर आणि भीम म्हणजे मवाळ आणि जहाल, असा अर्थ उभा राहिला. हा अर्थ छापील पानावर नव्हता. नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये, त्या विशिष्ट काळात, तो घडला. १८७६ चा नाट्यप्रयोगविषयक कायदा प्रयोगावरच नियंत्रण ठेवण्यासाठी केलेला होता, यामागेही हीच जाण आहे. नाटकाचा अर्थ कोठे घडतो हे परकीय सरकारला कळले होते. आपण मात्र विद्यार्थ्याला कीचकाचे स्वभावचित्र रेखाटायला सांगतो. दडपशाहीसाठी का होईना, त्या सरकारने नाटक आपल्या अभ्यासमंडळांपेक्षा अधिक नीट वाचले, असे म्हणणे भाग आहे.

आधुनिक नाटकांच्या बाबतीत हे नुकसान अधिकच ठळक होते. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १९७२ साली झाला. त्यातील गाणाऱ्या, झुलणाऱ्या ब्राह्मणांची रांग ही केवळ नेपथ्याची युक्ती नव्हे. ती सामोरी असते तेव्हा समाज असते, पाठमोरी होते तेव्हा भिंत होते. आणि सत्तेचे व्यवहार झाकणारा पडदा हा समाजाच्याच पाठींचा बनलेला असतो, हे नाटकाचे मध्यवर्ती विधान त्या वळण्यातून होते. कोणत्याही पात्राच्या तोंडी ते नाही. म्हणून नाना आणि घाशीराम यांच्या स्वभावांची तुलना करणाऱ्या उत्तराला पूर्ण गुण मिळू शकतात, आणि तरीही नाटकाला त्याचा स्पर्शही झालेला नसतो. सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' (१९७४) कीर्तनाच्या रूपबंधावर उभे आहे. ज्याने कीर्तन ऐकलेले नाही, बुवाचे निरूपणातून गाण्यात आणि गाण्यातून टोमण्यात शिरणे अनुभवलेले नाही, त्याला मेलेल्या भाऊरावाने स्वतःच्या मरणावर कीर्तन करण्यातील विडंबन केवळ तळटीप वाचून कसे कळावे?

येथे असे सांगितले जाईल की प्रयोगाच्या शिक्षणासाठी स्वतंत्र नाट्यविभाग आहेत. आहेत, आणि त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली आणि पुणे विद्यापीठातील ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झाले. त्यांच्यामुळे रंगभूमी हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो हे सिद्ध झाले. पण नेमकी हीच सोय आपल्या आळसाची ढाल झाली आहे. संहिता आमची, प्रयोग त्यांचा, अशी वाटणी आपण करून टाकली. या वाटणीत तोटा दोघांचाही आहे. ज्याला वाचायला शिकवले जाते त्याला उभे राहायला शिकवले जात नाही. आणि ज्याला उभे राहायला शिकवले जाते त्याच्याकडून कठोर वाचनाची व लेखनाची अपेक्षा क्वचितच केली जाते. पहिला निबंध लिहितो, दुसरा मालिकांकडे पाहतो. दोघांच्या मध्ये जी जागा रिकामी राहते ती नाट्यसमीक्षेची. तीत कथानकाचा सारांश आणि शेवटी नेपथ्य, प्रकाश, संगीत यांना वाटलेली एकेका ओळीची खिरापत एवढेच उरते. ही दरिद्री समीक्षा वृत्तपत्रांनी निर्माण केली असे मानण्याची आपल्याला सवय आहे. तिची बीजे आपल्या वर्गात आहेत.

दुसरा आक्षेप व्यावहारिक असतो. शंभर विद्यार्थ्यांचा वर्ग, रंगमंच नाही, वेळ नाही. प्रयोग कसा शिकवावा? पण मागणी वर्गात प्रयोग बसवण्याची नाहीच. दहा विद्यार्थ्यांना एका रांगेत उभे करून पाठमोरे व्हायला सांगण्यास रंगमंच लागत नाही. फळ्यापुढची जागा पुरते. एकच वाक्य तिघांनी तीन ठिकाणी थांबून म्हणावे आणि अर्थ कोठे बदलला याची चर्चा करावी, याला अनुदान लागत नाही. तिसरा आक्षेप तात्त्विक आहे: प्रयोग नश्वर, संहिता चिरस्थायी, अभ्यास चिरस्थायीचाच शक्य. मग इतिहासाचाही अभ्यास अशक्य ठरेल, कारण घडून गेलेली कोणतीच घटना शिल्लक राहत नाही. राहतात ते तिचे अवशेष. प्रॉम्प्टरची नक्कल, जाहिरात, छायाचित्र, ध्वनिमुद्रिका, परीक्षण, नटाचे आत्मकथन हे प्रयोगाचे अवशेष आहेत. त्यांवरून प्रयोगाची पुनर्रचना करणे ही पदव्युत्तर विद्यार्थ्याला साजेशी संशोधनपद्धती आहे. 'संगीत सौभद्रा'चा अभ्यास पदांना मिळणाऱ्या 'वन्स मोअर'चा विचार न करता कसा पूर्ण होईल? पद पुन्हा गायिले जाते तेव्हा कथेचा काळ थांबतो आणि मैफलीचा काळ सुरू होतो. संगीत नाटकाचा घाट या दोन काळांच्या ताणावर उभा आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील भिंती कमी करण्याची भाषा केली आहे. तिच्यावर विसंबून राहण्याचे कारण नाही. श्रेयांकांची अदलाबदल म्हणजे दृष्टीची अदलाबदल नव्हे. मराठी विभागाचा विद्यार्थी नाट्यविभागात जाऊन चार तास अभिनय शिकला आणि परत येऊन पुन्हा स्वभावचित्रच रेखाटू लागला, तर काहीही बदललेले नसेल. बदल प्रश्नपत्रिकेत व्हायला हवा. या प्रवेशात रंगमंचावर कोण आहे पण बोलत नाही, आणि त्याच्या न बोलण्याने अर्थात कोणता फरक पडतो? अमुक वाक्य कोणाकडे पाहून म्हटले जावे, आणि संहितेतील कोणत्या पुराव्यावरून? असे दोन प्रश्न अनिवार्य करावेत. त्यांची उत्तरे बाजारातील मार्गदर्शकांत मिळणार नाहीत. विद्यार्थ्याला नाटक पुन्हा उघडावे लागेल, आणि ते तपासण्यासाठी आपल्यालाही. सुधारणेला होणारा खरा विरोध बहुधा या शेवटच्या कारणासाठीच आहे.