वांग्याची फुलं आणि इंग्रजीच्या बाई

पुतणी थायलंडला शाळेत इंग्रजी शिकवायला गेली तेव्हापासून मला वर्ध्यात मोकळेपणानं भाजी घेता येत नाही. परवा बजाज चौकात एका स्नेह्यानं गाठलंच. ‘काऊन जी, तिकडल्या पोट्ट्यायले इंग्रजी येत नाई का?’ म्हटलं, येत नाही म्हणूनच हिला बोलावलं. ‘पण फॉरेन हाय ना थे?’ आता यावर काय बोलणार! विमानात बसून जावं लागतं ते सगळं आमच्या लेखी लंडन. पुढचा प्रश्न अर्थातच पगाराचा.

तर खुलासा एकदाच करून टाकतो. थायलंडवर इंग्रजांनी कधी राज्य केलं नाही, त्यामुळे साहेबाची भाषा तिथे आपल्यासारखी कचेरीच्या मार्गानं घरात शिरली नाही. शाळेत ती शिकवतात, शिकवायला परदेशी माणसं घेतात, आणि जाहिरातीत बहुधा गोऱ्या देशांचा पासपोर्ट मागतात. आमच्या पोरीला एजंटानं तोंडावर सांगितलं, की तुम्ही भारतीय, तुम्हाला तेवढे पैसे मिळणार नाहीत. पगाराचं उत्तर यातच आलं.

मला मात्र तिच्या व्हिडिओ कॉलमध्ये पगारापेक्षा बाकीच्या गोष्टींची गोडी. पहिल्याच आठवड्यात एका पोरानं स्पेलिंग बरोबर सांगितलं, तर हिनं कौतुकानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आपल्याकडे आजीपासून आमदारापर्यंत सगळे हेच करतात. मधल्या सुट्टीत सोबतच्या शिक्षिकेनं तिला बाजूला घेऊन हळूच समजावलं, की इथे डोकं म्हणजे शरीराचा सगळ्यात मानाचा भाग, कुणाच्या डोक्याला असा हात लावत नाहीत. रागावलं की पोरं हसतात, त्यानंही ही आधी भडकली होती. ते हसणं ओशाळल्याचं असतं, हे तिला बऱ्याच उशिरा कळलं. वर्गात एकाचं टोपणनाव बँक, एकीचं आइस. फळ्यावर तारीख लिहायची तर सन बुद्धाचा, आपल्यापेक्षा 543 वर्षं पुढचा. ‘मोठेबाबा, माझी रिटायरमेंट होऊन गेली ना इथे!’ म्हणते. वर्गाबाहेर चपला काढायची वेळ आली तेव्हा मात्र तिला काहीच वाटलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली पोरगी ती.

आणि मग जूनमधल्या एका गुरुवारी पोरं रांगेनं तिच्यापुढे गुडघ्यांवर आली. तिकडे गुरुवंदनेचा दिवस असतो, तोही बहुधा गुरुवारच धरतात. मुलांच्या हातात फुलांची तबकं. तिनं फोन अगदी तबकाजवळ नेऊन दाखवलं, तर आत दूर्वा! चक्क आपल्या गणपतीच्या दूर्वा, आणि शेजारी वांग्याची जांभळी फुलं. दूर्वा कुठेही टाका, पसरतात, तशी विद्या पसरावी; आणि वांग्याचं फूल खाली मान घालून असतं, तसं शिष्यानं नम्र असावं, असा त्यांचा हिशेब. माझं आणि वांग्याचं वैर जुनं आहे. पण फुलाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार भाजीबद्दल होती आणि ती कायम आहे.

त्या तबकावरून मला अशाच परमुलखात शिकवायला गेलेल्या मार्जोरी सायक्स आठवल्या. आमच्या सेवाग्रामच्याच म्हणायच्या. जन्म 1905, यॉर्कशायरच्या कोळसा-खाणींच्या मुलखातला, शिक्षण केंब्रिजचं. 1928 मध्ये त्या मद्रासला मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या. पासपोर्ट खास गोरा, म्हणजे आमच्या पोरीच्या एजंटानं हार घालून नेलं असतं. पण बाईंनी तिथे जाऊन तमिळ शिकून घेतली. पुढे रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात गेल्या, आणि 1949 मध्ये आल्या त्या थेट सेवाग्रामला, नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या कामात.

आता यातली गंमत बघा. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष. त्यातून झाकिर हुसेन समिती निघाली आणि तिनं नई तालीमचा सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. माध्यम मातृभाषा, मध्यभागी हातानं करायचं काम, आणि इंग्रजी अजिबात नाही. म्हणजे केंब्रिजच्या बाई सातासमुद्रापलीकडून आल्या आणि रमल्या कुठे, तर इंग्रजी वगळलेल्या शिक्षणात. वर सफाई, स्वयंपाक, सूतकताई शिक्षकालाही चुकलेली नाही. सांस्कृतिक धक्का म्हणतात तो याहून मोठा काय असणार? बाई त्यानं हलल्या नाहीत. पुढे भारताचं नागरिकत्वही घेतलं.

हललो ते आम्हीच. त्याच वर्ध्यात आज गल्लोगल्ली कॉन्व्हेंट आहे. नन औषधालाही नाही, नाव एखाद्या देवीचं, पण कॉन्व्हेंट. तीन वर्षांच्या पोराला टाय बांधून उन्हात संमेलनात उभं करतात. घरी आई वऱ्हाडीत हाका मारते आणि शाळेत मराठी बोललं की दंड. इंग्रजी शिकू नये असं मी म्हणत नाही, माझ्या पुतणीची चूल त्यावरच पेटते. पण ती मराठी शाळेत शिकली आणि आज परमुलखात इंग्रजी शिकवते, हे त्या चौकातल्या स्नेह्याला सांगितलं तर त्याला पटत नाही. नातवासाठी तो कॉन्व्हेंटचाच फॉर्म आणायला निघाला होता.

सायक्सबाईंनी सेवाग्रामच्या नई तालीमची पन्नास वर्षांची हकीकत लिहून ठेवली आहे. ‘द स्टोरी ऑफ नई तालीम’ हे तिचं नाव. पुस्तक इंग्रजीत आहे, तेव्हा कॉन्व्हेंटच्या संचालकांनी वाचायला काहीच हरकत नाही.