खेळू देणे पुरेसे नाही

बालवाडीच्या वेळापत्रकात ‘मुक्त खेळ’ लिहिले की हालचालींच्या शिक्षणाची जबाबदारी पार पडली, असे आपण मानतो. वाढत्या वयाबरोबर मूल धावू लागते, हे खरेच. पण फेकणे, झेलणे, लंगडी घालणे ही कौशल्ये केवळ वय वाढल्याने पक्की होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटे हालचाल सुचवली. त्यांतली निदान 60 मिनिटे दमवणारी हवीत. मात्र या वेळात मूल काय शिकते, हा प्रश्न उरतोच. आजवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की, आखलेल्या सरावाने मुलांची कौशल्ये सुधारतात; नुसत्या मोकळ्या खेळाने तशी सुधारणा दिसत नाही.

असे का, हे मूल चेंडू खेळताना पाहिले की कळते. तीन वर्षांचे मूल चेंडू फेकते तेव्हा पाय जागचे हलत नाहीत, सारे बळ कोपरातून येते. विरुद्ध पाय पुढे टाकून कंबर वळवणे फार पुढे जमते. झेलताना ते हात ताठ धरते आणि चेंडू जवळ येताच मान फिरवते. या पायऱ्या ओळखणाऱ्या ताई त्याला मोठा, मऊ चेंडू देऊन जवळून, हळू टाकतील. इतरांच्या तोंडी ‘नीट पकड’ एवढेच येईल. ज्याच्या हातून चेंडू निसटतो, ते मूल मुक्त खेळात कडेला सरते. सरावाची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येतो.

शिकवायला गेलो तर खेळाची कवायत होईल, ही भीती रास्त आहे. म्हणून हुकूम नको. अंतर, साहित्य आणि आव्हान आपण बदलावे, खेळ मुलाने निवडावा. जागा आणि पैसा नाही, ही अडचणही खरी. पण खडूची रेघ आणि कापडी चेंडू एका खोलीतही पुरतात. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्या स्वस्त साहित्यावरच बालशिक्षण उभे केले. पालकांना अक्षरे हवी असतात. त्यांना सांगावे की, पाहून वर्तुळ काढणे साधारण तिसऱ्या वर्षी जमते, त्रिकोण पाचव्याच्या सुमारास. ज्या हाताला तिरकी रेघ साधत नाही, त्याच्याकडून मुळाक्षरांची पाने भरून घेण्यात शिक्षण नाही, सक्ती आहे.

या महिन्यात एकच कौशल्य निवडा. प्रत्येक मूल कोणत्या पायरीवर आहे ते नोंदवा, आणि पुढच्या पायरीचा सराव रोज द्या. सुरुवात कडेला उभ्या असलेल्या मुलापासून करा.