कुत्र्याला कॅन्सर झाला, तर घरच्यांना धोका आहे का?

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांबाबत निर्देश दिले. कुत्रे पकडा, नसबंदी करा, लस द्या आणि त्याच भागात परत सोडा. रेबीज झालेले, तशी शंका असलेले किंवा आक्रमक कुत्रे मात्र सोडायचे नाहीत. तेव्हापासून चर्चा चालली आहे ती चावण्याची. पण नसबंदीचा संबंध कुत्र्यांच्या कॅन्सरशीही आहे, आणि त्याबद्दल आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी गैरसमज आहेत. अंगावर गाठ दिसली, की कुत्र्याला हाकलून देतात. तेच कुत्रे चावले तर मात्र जखमेला हळद लावून गप्प बसतात. भीती चुकीच्या ठिकाणी आहे.

कोणता कॅन्सर किती आढळतो?

दहा वर्षांवरील जवळजवळ निम्म्या कुत्र्यांना कॅन्सर होतो, असे तुम्ही मोबाइलवर वाचले असेल. हा अंदाज अमेरिकेतला आहे. तिथले पाळीव कुत्रे म्हातारे होईपर्यंत जगतात. आपल्या रस्त्यावरचे बहुतेक कुत्रे अपघात, उपासमार आणि संसर्गाने त्याआधीच मरतात. म्हणून तो आकडा इथे लागू पडत नाही.

माणसांच्या कॅन्सरची नोंद ठेवणारी केंद्रे आपल्या शेजारी वर्धा आणि नागपूरला आहेत. कुत्र्यांसाठी देशपातळीवर तशी नोंद नाही. जे कुत्रे पशुवैद्यकाकडे आणले जातात, तेवढेच मोजले जातात. तरीही ढोबळ चित्र स्पष्ट आहे:

• स्तनांच्या गाठी: नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये सर्वाधिक. यातल्या साधारण निम्म्या गाठी कॅन्सरच्या असतात.
• जननेंद्रियावरची संसर्गजन्य गाठ: भटक्या कुत्र्यांमध्ये आपल्याकडे खूप आढळते. फुलकोबीसारखी दिसते, त्यातून रक्त गळते.
• त्वचेच्या गाठी: पाळीव कुत्र्यांमध्ये नेहमीच्या. बऱ्याच साध्या असतात, काही घातक.
• लसिका ग्रंथींचा कॅन्सर: जबड्याखाली, मानेजवळ, गुडघ्यामागे गाठी येतात.
• हाडांचा कॅन्सर: रॉटवायलर, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत जास्त. कुत्रा लंगडू लागतो.

कॅन्सर खरोखर पसरतो?

कुत्र्यांच्या जननेंद्रियावरची गाठ हा फार दुर्मिळ प्रकार आहे. इथे विषाणू नव्हे, तर जिवंत कॅन्सरपेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात, मुख्यतः समागमातून, कधी चाटण्या-हुंगण्यातून. काही हजार वर्षांपूर्वी एका कुत्र्यात सुरू झालेला हा कॅन्सर असाच जगभर पोचला.

माणसाला मात्र तो होत नाही. कुत्र्याच्या कोणत्याही कॅन्सरची लागण सोबत राहून, हात लावून किंवा लाळेतून घरच्यांना होत नाही. घरात कॅन्सरचा रुग्ण असेल, तर तो कुत्र्यामुळे झाला, असेही समजू नका.

ही गाठ बहुतेक वेळा बरी होते. त्यासाठीचे व्हिन्क्रिस्टीन हे औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते आणि माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्येही वापरतात. आठवड्याला एक, अशी काही इंजेक्शने पुरतात. सदाफुलीचा पाला मात्र कुत्र्याला किंवा माणसाला देऊ नका, तो विषारी आहे. इंजेक्शननंतर काही दिवस कुत्र्याची लघवी-विष्ठा हातमोजे घालून साफ करा. गरोदर बाईने ते काम करू नये.

नसबंदीचा दुहेरी फायदा

समागम थांबला, की संसर्गजन्य गाठीचा मुख्य मार्ग बंद होतो. मादीची नसबंदी लहान वयात झाली, तर स्तनांच्या गाठींचा धोकाही कमी होतो, असे जुन्या अभ्यासांत दिसले. नेमका किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. म्हणजे नगरपरिषद नसबंदी नीट राबवते, तेव्हा फक्त संख्या नव्हे, आजारही आटोक्यात येतो. पण त्यासाठी काम सलग व्हावे लागते. थोडे कुत्रे पकडून मोहीम थांबली, तर उरलेल्यांची पिल्ले ती जागा भरून काढतात.

तुम्ही काय करावे?

१. गाठ वाढत असेल, फुटली असेल किंवा रक्त येत असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. गाठ कसली आहे, हे सुईने पेशी काढून तपासल्यावर कळते.
२. पाळीव मादीच्या नसबंदीचे योग्य वय पशुवैद्यकाला विचारा.
३. कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा. रक्त आले असेल, तर जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शनही लागते.

रेबीजची लक्षणे सुरू झाली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. गाठ असलेला कुत्रा उपचाराने बरा होऊ शकतो. म्हणून गाठ दिसली तर कुत्र्याला दवाखान्यात न्या, आणि चावा झाला तर स्वतः त्याच दिवशी दवाखाना गाठा.