काचेतल्या समुद्रातलं शेवाळ



संक्रांतीला नातवाने हट्ट धरला, "आबा, मला निमो पाहिजे." निमो म्हणजे केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश. हा मासा खाऱ्या पाण्यातला, आणि आपल्या आदिलाबादपासून चारशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. समुद्रातले मासे मी एकदाच पाहिले होते, कॉलेजच्या सहलीत, मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय समुद्राच्या समोरच होतं. आपल्याला समुद्र घरी कालवावा लागतो. त्यासाठी मत्स्यालयाचं खास मीठ मिळतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आमच्या शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो लागलं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात नसतं.

पाणी मात्र आम्ही घरच्या बोअरचंच घेतलं. चूक तिथेच झाली, पण ती कळायला तीन महिने लागले.

तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी पूड बसली. नातू घाबरला. हे डायाटम, नव्या टाकीत बहुतेकांकडे येतात. बोट फिरवलं की धुरळ्यासारखे उडतात. पाण्यातल्या सिलिकावर वाढतात आणि ती संपली की आपोआप जातात. आमच्याकडचेही गेले. दीड महिन्यांनी टाकी स्थिरावली, तेव्हा दोन मासे सोडले.

मग वाळूवर लालसर-जांभळा थर आला, दुधावरच्या सायीसारखा सोलून निघणारा. हे खरं तर शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. पाणी हलत नाही आणि उरलेलं खाणं कुजतं, तिथे ते फोफावतात. नळीने थर ओढून काढला, पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवलं, खाणं निम्म्यावर आणलं. तो आटोक्यात आला.

एप्रिलमध्ये दगडांवर हिरवे केस उगवले. ओढून काढावेत, तर आठ दिवसांत पुन्हा तेवढेच. तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेले तंतू दिसले असते आणि रात्री कमी होऊन दिवसा परत आले असते, तर डायनोफ्लॅजेलेटचा संशय घ्यावा लागला असता. त्यांचा उपाय वेगळा, कारण ते बरेचदा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट अगदीच संपल्यावर येतात. आमचं प्रकरण उलटं होतं. हिरवे केस वाढतात ते नायट्रेट आणि फॉस्फेट जास्त झाल्यावर.

मी शेवाळ मारायचं औषध ओतणारच होतो. जावई म्हणाले, "बाबा, आधी पाणी तपासा. मेलेलं शेवाळ टाकीतच कुजेल, पाण्यातला प्राणवायू कमी होईल आणि मासे जातील." तपासणीच्या किटवर टाकीच्या पाण्याचा रंग गडद लाल आला. सहज म्हणून थेट बोअरचं पाणी तपासलं. तेही लालच.

मग उलगडा झाला. आपल्या उन्हाळ्यात पाणी २७ अंशांच्या आत ठेवायला टाकीवर छोटा पंखा लावला होता. त्याने रोज दोन-अडीच लिटर पाणी उडायचं आणि तेवढंच मी बोअरमधून भरायचो. वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ आणि नायट्रेट मागेच राहतात. म्हणजे शेवाळाला मी रोज स्वतःच्या हाताने खत घालत होतो.

पण खरा धक्का पुढे होता. मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आणि तीन महिन्यांच्या नातीला वरचं दूध याच पाण्यात, उकळून. प्रयोगशाळेत पाणी दिलं. नायट्रेट लिटरला ७० मिलिग्रॅमच्या वर निघालं. आपल्या देशाच्या मानकात पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेटमुळे कमी होऊ शकते. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून थोडं वाढतं. शेतातला युरिया आणि संडासाचे खड्डे, दोन्हींचं पाणी झिरपून बोअरपर्यंत पोचतं. नातीला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. ती ठणठणीत होती.

आता घरात आरओ आहे. एक सूचना: बऱ्याच आरओ यंत्रांत चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळणारा कॉक असतो. तो आम्ही बंद करून घेतला आणि पाणी पुन्हा तपासलं. टाकीसाठी आरओनंतर रेझिनचा फिल्टर जोडून टीडीएस शून्यावर आणतो. दर आठवड्याला पंधरा टक्के पाणी बदलतो, दिवा सातच तास लावतो आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घालतो. दगड जुन्या टूथब्रशने घासले, चार गोगलगायी सोडल्या. दोन महिन्यांत हिरवे केस गेले. निमो मजेत आहेत.

टाकी ठेवा किंवा ठेवू नका, पण घरात लहान बाळ असेल तर बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. पाणी दिसायला नितळ होतं म्हणून आम्हाला कधी शंकाच आली नव्हती.

भेटू पुढच्या अंकात.