धर्मशास्त्राचा अभ्यास हाही आपलाच प्रश्न

नवऱ्याच्या मारहाणीने खचलेली कॅथलिक बाई संघटनेच्या दारात येते तेव्हा बरेचदा एक वाक्य बरोबर घेऊन येते : ‘हा माझा क्रूस आहे, मलाच वाहिला पाहिजे.’ हे तिला सासूने सांगितलेले असते, शेजारणीने सांगितलेले असते, कधी फादरांनीही. आपण तिला २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा समजावतो. ती मान डोलावते आणि घरी परत जाते. कारण तिची अडचण कायद्याची नसते, देवाची असते.

आणि गंमत अशी, की तिच्याच चर्चच्या कायद्यात याला उत्तर आहे. १९८३च्या कॅनन लॉ संहितेतले कलम ११५३ म्हणते, की पती-पत्नींपैकी एकापासून दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे होण्याला ते रास्त कारण आहे. त्यासाठी बिशपांचा हुकूम घ्यावा. पण थांबण्यातच धोका असेल तर स्वतःच्या अधिकारात निघून जावे. विवाहबंधन याने तुटत नाही, आणि कारण संपले की पुन्हा एकत्र यावे असेही तेच कलम सांगते. ते आपल्याला पटेलच असे नाही. पण ‘मार खात राहा’ असे त्यात कुठेही नाही.

सेमिनरीत वर्षानुवर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेल्यांना हे कलम काढून दाखवायला दोन मिनिटे लागतील. बाईला ते असते हेच ठाऊक नसते. म्हणून प्रापंचिकांसाठी, म्हणजे धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्या प्रौढ स्त्रीपुरुषांसाठी, धर्मशास्त्राचे वर्ग हा प्रश्न मला चर्चच्या अंतर्गत कारभाराचा वाटत नाही.

हा अभ्यास फार काळ पुरोहित होणाऱ्यांच्याच मालकीचा होता. अमेरिकेत सिस्टर मॅडेलेव्हा यांनी १९४३ मध्ये सेंट मेरीज कॉलेजात स्त्रियांसाठी ईशज्ञानाचे उच्च शिक्षण सुरू केले, कारण कॅथलिक विद्यापीठे त्यांना घेत नव्हती. तिथेच शिकलेल्या मेरी डेली यांना पुढच्या पदवीसाठी स्वित्झर्लंड गाठावे लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) दार किलकिले झाले. १९७० मध्ये आविलाची तेरेजा आणि सिएनाची कॅथरीन यांना ‘चर्चच्या आचार्य’ ठरवण्यात आले. दोघींपैकी एकीनेही विद्यापीठाची पायरी चढलेली नव्हती! आणि १९८३च्या संहितेत कलम २२९ आले : चर्चच्या विद्यापीठांत शिकण्याचा आणि पदवी घेण्याचा प्रापंचिकांना हक्क आहे. सवलत नव्हे, हक्क.

कागदावरचा हक्क आपल्याला नवा नाही. तो वर्ग भरतो किती वाजता, कोणत्या भाषेत, फी कोण भरते, हे विचारले पाहिजे. संध्याकाळी सातला इंग्रजीतून भरणारा वर्ग वसईच्या भाजीवालीसाठी नाही, आणि तिच्या सुनेसाठी तर नाहीच, कारण तेव्हा ती चुलीपाशी असते. सेमिनरीतल्या तरुणाचा खर्च बहुधा धर्मप्रांत उचलतो. रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बायकांनी मात्र सेवाभावाने शिकवावे आणि शिकायचे तर पदरमोड करावी!

शिकवायचे काय, हा त्याहून मोठा मुद्दा. पाठ केलेली प्रश्नोत्तरे पुन्हा घोकून घ्यायची असतील तर वर्ग नसला तरी चालेल. मग्दालेनेची मरिया वेश्या होती असे शुभवर्तमानात कुठेही लिहिलेले नाही. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिची आणि पापी स्त्रीची सांगड घातली आणि पुढची चौदाशे वर्षे तिच्या नावाला तो डाग राहिला. २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला. बाई स्वतः मूळ पुस्तक उघडते तेव्हा असे काहीतरी हाती लागते. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, पण आपल्याकडे हे त्यांनी फार आधी ओळखले होते. साध्या बाईला समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनातल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले.

चळवळीतल्या मैत्रिणी म्हणतात, पितृसत्तेचेच हे शास्त्र, त्यात डोके कशाला घालायचे? स्त्रियांना पुरोहितपद देण्याचा चर्चला अधिकारच नाही, असे १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केले, तेव्हा शिकून तरी निर्णय कुठे हाती येणार? त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण एक जागा बघा. विवाह मुळात वैध होता की नाही हे चर्चचे न्यायासन ठरवते. २०१५च्या सुधारणेनंतर तिथल्या तीन न्यायाधीशांपैकी दोन प्रापंचिक असू शकतात, आणि त्यांत स्त्रियाही. अट एकच, कॅनन लॉची उच्च पदवी. ती पदवी घेतलेल्या मराठी बोलणाऱ्या बायका किती तयार होत आहेत, हा प्रश्न आपण बिशपांना एकदा लेखी विचारायला काय हरकत आहे?

तोवर एक काम लगेच होण्याजोगे आहे. लग्न ठरलेल्या मुलामुलींसाठी चर्चमध्ये शिबिरे होतात. त्यात एक तास कलम ११५३साठी मागावा, मराठीत, आणि शिकवायला बाई असावी.